चिंचेवरचा तांबडा पंजा

४ जानेवारी २००४, रविवार

ही डायरी न्हावऱ्याच्या खतवाल्यानं दिली. तो दरवर्षी देतो आणि दरवर्षी आमची सून गिता तिच्यात दुधाचा रतीब लिहिते. यंदा मी मागून घेतली. सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळं एक गोष्ट पक्की कळलीय. तोंडी तक्रार साहेब ऐकतो आणि विसरतो. तारीख, वेळ, ठिकाण घालून कागद पुढं ठेवला की त्याला विसरता येत नाही. तेव्हा आमच्या दारासमोरच्या लोकर केंद्रात आजपासून जे सुरू झालंय ते मी तारीखवार लिहिणार. उद्या तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

तर सकाळी साडेआठला सतराजण आले. कोयते, टिकाव, घमेली. पुढारी हौसराव, शिरूरच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. म्हणे केंद्र साफ करायचं आणि पोरांसाठी कलाशाळा काढायची. चित्र, मातीकाम, गाणी, आमचा धनगरी गजीनाच. दर रविवारी श्रमदान. कुणी काही घ्यायचं नाही, कुणी काही मागायचं नाही.

फुकट म्हटलं की मी दोनदा तपासतो. पोराला मांडीवर घेऊन 'चारच वर्षाचं हाय' म्हणणाऱ्या बायका मी रोज पाहिल्यात, आणि मांडीवरून उतरल्यावर ते पोरगं पिशवी उचलून चालायला लागायचं.

लोकर केंद्र बंद पडून सोळा वर्षं झाली. आमची धनगराची वस्ती. घरोघरी मेंढरं होती तेव्हा सोसायटीनं इथं मोठी शेड बांधली, दहा माग टाकले, बायका घोंगड्या विणायच्या. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला आणि शेडला कुलूप लागलं. आता पत्रे उडालेत, आत वटवाघळं, बाहेर पाच एकरात वेडी बाभूळ माजलीय. माझी मंडळी बयाबाई तिथं बारा वर्षं विणायला होती. तिला जाऊन चार वर्षं झाली. शेडच्या मागं मोठी चिंच आहे, तिच्या बुंध्याला दोर बांधून बायका ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, लावायच्या. दोरानं घासून तिथली साल गुळगुळीत झालीय, अजून हात फिरवला तर कळतं. मी अधूनमधून फिरवतो. बाकीच्या केंद्राचं काय वाटेल ते होवो, त्या चिंचेला कुणी हात लावला तर मी गप्प बसणार नाही, हे आजच लिहून ठेवतो.

आणि सतराव्या जागी कोण, तर आमची गिता. डोक्याला फडकं बांधून, हातात माझाच कोयता.

संध्याकाळी विचारलं, "तुला कुणी बोलावलं?"

"कुणी न्हाई मामा. माझी मीच गेले."

"काय मिळणार हाय?"

"काय न्हाई."

काहीच मिळणार नसताना कुणी उन्हात काटे तोडत बसेल का? कुठंतरी पाणी मुरतंय.

११ जानेवारी, रविवार

आज बावीस माणसं. लांब टेप आणला होता. शेड मोजली, विहीर मोजली, शेडपासून चिंचेपर्यंतचं अंतर दोनदा मोजलं. शाळा काढायला चिंचेपर्यंतचं अंतर कशाला लागतं?

नवीन माणूस आलाय, अयुब. शिक्रापूरला हायवेवर ट्रक रंगवतो. मागच्या फळीवर कमळ, मोर, 'पुन्हा भेटू' वगैरे. मी ओळखलं नाही, तोच येऊन पाया पडला. शिरूर-दौंड गाडीवर माझा ड्रायव्हर होता त्याचा हा मुलगा. अकरा वर्षं आम्ही दोघं एका गाडीवर होतो. देवमाणूस. आमच्या वस्तीवर आला की हॉर्न द्यायचा आणि बयाबाई चिंचेखालून ताकाचा तांब्या घेऊन पळत यायची. पॅसेंजर ओरडायचे, तो म्हणायचा, इंजिन तापलंय, थांबावं लागंल.

बाप देवमाणूस होता म्हणून मुलगा तसाच निघेल असं काही नाही. शिक्रापूरला राहतो म्हणजे जमिनीचे भाव त्याला तोंडपाठ असणार.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गितानं तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली. मी म्हटलं, बोलतोच की. हसली. हसण्यासारखं काय होतं?

१८ जानेवारी, रविवार

आढ्याला खोचून ठेवलेला बयाबाईचा धोटा जागेवर नाही. मागावर सूत इकडून तिकडं फेकायचा तो धोटा, खैराचा, तिच्या हाताच्या घामानं काळा झालेला. सुताला चिंचोक्याची खळ लावायचा कुंचाही नाही. चार वर्षं मी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

गिताला विचारलं. चूल फुंकत बसली. मग म्हणाली, "मी नेल्यात मामा. काम हाय."

"कसलं काम?"

"सांगीन. अजून पक्कं न्हाई."

घरातली माणसं 'सांगीन' म्हणायला लागली की समजावं, आपण पॅसेंजर झालो. पुण्याकडं असल्या जुन्या वस्तूंना दिवाणखान्यात लावायला मागणी असते असं ऐकलंय. बयाबाईच्या हाताखाली घरच्या मागावर पाच वर्षं बसून ही विणायला शिकली, तिनं तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं, आणि तिच्याच वस्तू बाहेर चालल्या. जेवण गेलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

शिक्रापूरला हनुमंताकडं जाऊन आलो. माझा मुलगा, कंपनीत आहे, चौघांत एक खोली करून राहतो. रविवारची सुट्टी मिळाली तर येतो. त्याला धोट्याचं सांगितलं. म्हणाला, "आबा, तिला तरी एक काय तरी असू द्या की." म्हणजे बायकोनं आधीच फोन केलेला.

बसमधून पाहिलं, हायवेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा. जिथं रेघ तिथं प्लॉट. पूर्वी ज्वारी होती तिथं आता दगड रोवून नंबर टाकलेत. कोपऱ्यावर फलक, निसर्गाच्या सान्निध्यात. झाड एक नाही. हे लोण आमच्याकडं यायला किती वेळ लागतो? आधी श्रमदानानं काटे काढून घ्यायचे, मग मोजणी, मग फलक. मेहनत आमच्या सुनांची आणि प्लॉट त्यांचे.

२५ जानेवारी, रविवार

हौसराव स्वतः घरी आला. खाली बसला, गितानं चहा दिला.

"आबा, माग कुठं कुठं हुते, ताणा कसा लावायचे, ते तुमाला ठावं असंल. जरा येऊन दावता का? जुनी माणसं सांगत्यात, तुमच्या घरच्यांच्या हाताचं विणकाम लई बारीक हुतं."

मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात."

मला सगळं ठाऊक आहे, पण चोराला घराचा दरवाजा कुठून उघडतो हे आपण का सांगावं? जाताना त्याच्या पिशवीतून नकाशा खाली पडला. मी उचलून दिला, पण पाहायचं ते पाहिलं. शेड, विहीर, आणि चिंचेभोवती लाल पेन्सिलीनं मोठं वर्तुळ. वर्तुळात काहीतरी लिहिलेलं. चष्मा उशीखाली होता.

आता संशय राहिला नाही. चिंच जाणार.

संध्याकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. झाडं तोडायला बाहेरची टोळी येणार आहे, लाकूड त्यांचं आणि तोडाई फुकट असं ठरलंय, असं कळलं. मी म्हटलं, ही टोळी कुणी ठरवली? तर अयुबनं. मी सहज बोललो, की ट्रकवाल्यांत ऊठबस आहे त्याची, लाकूडवाल्याशी साटंलोटं असेल. सगळे चहा पीत राहिले. पण ऐकलं सगळ्यांनी.

१ फेब्रुवारी, रविवार

झाडांवर खुणा केल्या.

सगळे गेल्यावर मी काठी घेऊन हिंडलो. तीस-बत्तीस झाडं. लिंब, सुबाभळी, दोन बोरी, एक उंबर. प्रत्येकावर छातीच्या उंचीला तांबड्या मातीची काव कालवून तळहाताचा तांबडा पंजा उठवलेला. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे असतात, ते वेगळे. हा नुसता पंजा. आणि चिंचेवर पण होता, दोरानं घासलेल्या जागेच्या बरोबर वर.

ही खूण मला कुणी शिकवायला नको. आम्ही मेंढरावर वाढलो. बाजारात खाटीक कळपातून हिंडतो, मेंढरू चाचपतो आणि भाव ठरला की रंगाचा पंजा पाठीवर मारतो. पंजा पडला की ते मेंढरू आपलं राहिलं नाही. मी आठ वर्षांचा असताना माझ्या ढवळीच्या पाठीवर असा पंजा पडला. माल दुसऱ्या दिवशी न्यायचा होता. मी पहाटे उठून ओलं फडकं घेतलं आणि तिची पाठ पुसून काढली. खाटीक आला, पंजे बघून बघून मेंढरं हाकलून घेऊन गेला. ढवळी वाचली. पुढं नऊ वर्षं जगली. घरात कुणाला कधी कळलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

हमरस्ता रुंद करायच्या वेळी झाडांना नंबर टाकले होते, तेही मी खिडकीतून पाहिलंय. आठवड्यात सगळी आडवी.

रात्री जेवताना गिता म्हणाली, "मामा, अयुबभाऊंनी झाडास्नी पंजे उठवल्यात बगा, त्ये..."

मी म्हटलं, "पाहिलेत. भाकरी वाढ."

"न्हाई, म्हंजी त्ये कशासाठी ते..."

"मला कळतं कशासाठी ते. वाढ."

तिनं वाढली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गिता दुपारी शिरूरच्या बाजाराला गेली. मी टॉवेल आणि पाण्याचा तांब्या घेऊन केंद्रात गेलो. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. चिंचेवरचा पंजा पुसला. काव नुसत्या पाण्यात कालवलेली, तीन वेळा घासल्यावर निघाली. सालीच्या भेगांत थोडी राहिली, ती काडीनं काढली. बाकीची झाडंही पुसावी असं आलं मनात, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही आणि तांब्यातलं पाणी संपलं. एकटी चिंच वाचली तरी पुष्कळ.

बुंध्याला टेकून बसलो. बयाबाईला म्हटलं, बघ, तुझं झाड ठेवलं.

फार दिवसांनी बरं वाटलं. घरी येऊन टॉवेल दोरीवर टाकला.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सहाच्या गाडीनं शिरूरला गेलो. पेन्शनच्या दाखल्याचं काम होतं, त्यात दुपार गेली. साडेचारला फाट्यावर उतरलो तर आभाळ मोकळं दिसलं. शेडच्या मागं नेहमी हिरवं दिसतं तिथं नुसतं आभाळ.

चिंच पाडली.

बाकी काही लिहवत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहितो. तारीखवार लिहायचं ठरवलंय ना.

काल टोळी सकाळी सातला आली. सहा माणसं, दोन यंत्रांच्या करवती. सगळी वेडी बाभूळ कापली. पंजे असलेलं एकही झाड तोडलं नाही. लिंब उभे आहेत, उंबर उभा आहे, बोरी उभ्या आहेत. ज्याच्यावर पंजा नव्हता ते सगळं तोडलं. त्यात चिंच.

मुकादम हिंदीत सांगत होता, "हमको बोला था, जिसपे पंजा है उसको हाथ नहीं लगाना. बाकी सब काटो. इसपे कहाँ था पंजा?"

चिंचेकडून करवतीचा आवाज ऐकून गिता धावत जाईपर्यंत अर्धा बुंधा चिरला होता. तिथंच खाली बसली म्हणे. रविवारी ती मला हेच सांगत होती. मी भाकरी मागितली.

काल रात्रभर मी एकच हिशोब करत होतो, की ढवळी कशी वाचली आणि चिंच कशी गेली. हात तोच, फडकं तसंच ओलं.

कुणाला काही सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज काम झालं नाही. सगळे चिंचेच्या उरलेल्या बुडख्याभोवती उभे होते. मीही गेलो, सगळे असताना पहिल्यांदाच. न जाणं बरं दिसलं नसतं.

तिथं मला कळलं, त्या लाल वर्तुळात काय लिहिलं होतं. 'गिताताईंचा मागवर्ग'. पोरांना ती विणकाम शिकवणार होती. चिंचेच्या बुंध्याला ताणा, सावलीत माग. सावली लागतेच, उन्हात खळ पापडासारखी वाळते आणि सूत तटातट तुटतं, हे बयाबाई रोज सांगायची. शेडपासूनचं अंतर मोजलं ते ताण्यासाठी. धोटा आणि कुंचा शेडमध्ये कपाटात ठेवलेत, फडक्यात गुंडाळून. मी पाहिले. धोट्याला तिनं तेल लावलंय.

हौसरावनं अयुबला विचारलं, "चिंचेवर पंजा उठवायचा राहिला का?"

अयुब म्हणाला, "मी केला हुता सर. माज्या आठवणीनं केला हुता."

"मग गेला कुठं?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "चिंचेचं लाकूड महाग जातंय. टोळी कुणाची हाय ते बगा की." दुसरा म्हणाला, "साटंलोटं असंल." साटंलोटं. माझाच शब्द, मी टपरीवर टाकलेला, फिरून माझ्यासमोर आला.

अयुब पायाकडं बघत उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "ऱ्हायला असंल माज्याकडनं. चूक झाली."

हौसराव म्हणाला, आता काही दिवस तू येऊ नकोस, लोकांचं मन शांत होऊ दे. अयुबनं रंगाचा डबा उचलला आणि गेला.

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ. पण गिता माझ्या शेजारी उभी होती, आणि तिला कळलं तर ती माझ्याकडं कशी बघेल हे मला बघायचं नव्हतं. तोंड मिटलं. सत्तावीस वर्षांत कधी भ्यालो नव्हतो, चेकर आला तरी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टॉवेल माझ्या खाटेवर घडी घालून ठेवलेला होता. धुतलेला. मधोमध तांबूस डाग तसाच. काव जात नाही.

घडी गितानंच घातली असणार. तिला वाटलं असेल, विटेचा डाग असेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शिक्रापूरला गेलो. हनुमंताकडं नाही, अयुबकडं. हायवेच्या कडेला एका ट्रकच्या मागच्या फळीवर मोर काढत होता. पिसारा अर्धा झाला होता. मला बघून ब्रश ठेवला, स्टूल पुसून दिला.

मी म्हटलं, "अयुब, चिंचेवरचा पंजा मी पुसला."

"ठावं हाय काका."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"लाकडाच्या वखारीत जाऊन बगितलं म्या. बुंधा तितंच पडलाय. भेगांत काव हाय अजून. ओल्या फडक्यानं पुसलेलं हाय, म्हंजी पावसानं गेलं न्हाई. एकाच झाडाचं पुसलंय. त्या झाडावर कुणाचा एवढा जीव, ते अब्बांनी मला लई डाव सांगितलंय. ताकाचा तांब्या सांगायचे."

"मग चारचौघांत बोलला का नाहीस?"

त्यानं ब्रश रॉकेलात फिरवला. "अब्बा म्हणायचे, कंडक्टर चुकला तरी पॅसेंजरम्होरं ड्रायव्हरनं बोलायचं न्हाई. डेपोत गेल्यावर कंडक्टर सोता सांगतो. दगडोबा कंडक्टर तर सांगतोच, म्हणायचे."

चार दिवस तो माझी वाट बघत होता. लोक त्याला चोर म्हणत होते आणि तो माझी वाट बघत होता. मी त्याला साटंलोट्याचंही सांगितलं, टपरीवरचं. ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यावर मात्र त्यानं पुन्हा ब्रश उचलला. मोराचं एक पीस पूर्ण केलं, मग म्हणाला, "त्ये लागलं काका. झाडाचं चुकून झालं. ह्ये चुकून न्हाई."

खरं आहे. मी मान खाली घातली.

"रविवारी येशील का?" विचारलं.

"तुमी बोलवताय तर येतो."

१५ फेब्रुवारी, रविवार

डायरी घेऊन केंद्रात गेलो. वेळ सव्वानऊ. तीसेक माणसं होती, टपरीवरचेही दोघे होते. अयुब फाटकाजवळ उभा राहिला, आत आला नाही.

मी हौसरावला म्हटलं, मला तक्रार द्यायची आहे. तो म्हणाला, कुणाविरुद्ध आबा? मी म्हटलं, वाचतो.

पंचवीस जानेवारी वाचली, साटंलोट्याची. एक फेब्रुवारी वाचली, ढवळीसकट. तीन फेब्रुवारी वाचली. 'एकटी चिंच वाचली तरी पुष्कळ' इथवर आलो. थांबलो, पाणी प्यालो, पुढचं वाचलं. ज्या दिवसासाठी तारीखवार लिहीत होतो तो दिवस हाच होता, आरोपी तेवढा बदलला.

वाचून झाल्यावर मी डायरी मिटली. टपरीवरचे दोघे हळूच बाहेर पडले. हौसराव काहीतरी समजुतीचं बोलणार होता, मी हात केला.

मग गिता उठली. मला वाटलं माझ्याकडं येतेय. ती माझ्यापुढून फाटकाकडं गेली.

"अयुबभाऊ," ती म्हणाली, "मामांचा टॉवेल मी त्याच दिसी धुतला. चिंच पडली त्या सांजंला. काव बगूनच मला कळलं हुतं. सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून गप बसले. तुमाला चोर म्हणले त्ये बी ऐकत बसले. माफी मी मागते."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला भाकरी वाढत होती, चहा देत होती, टॉवेलाची घडी घालत होती, आणि ठाऊक होतं. साऱ्या जगावर संशय घेतला, पण घरात एक माणूस माझ्यासाठी तोंड मिटून बसलंय हा संशय कधी आला नाही. मला रडू आलं. लोकांसमोर आलं. त्याची लाज वाटली नाही.

अयुब आत आला.

घरी आल्यावर गितानं ताट वाढलं. म्हणाली, "मामा, राग हाय मला. जाईल तवा जाईल."

"बरं," म्हटलं. जेवलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेडच्या मागं बांबू रोवून वर उसाचं पाचट टाकलं. चिंचेसारखी सावली नाही, पण खळ वाळायच्या आधी हात फिरवता येतो एवढी आहे. हौसराव लोखंडी खांब आणणार होता. गिता म्हणाली, खांब नको, चिंचेच्या बुडख्यालाच बांधू, मामा दोर कसा बांधायचा ते दाखवतील. मी दाखवला. जमिनीपासून दीड वीत, दोन वेढे, आणि गाठ डावीकडं. बयाबाईचे हात आठवून आठवून बांधला. नऊ पोरं होती आणि धोटा पहिल्यांदा फेकताना सगळ्यांचा खाली पडला.

दुपारी अयुबनं कावेचा डबा माझ्यापुढं ठेवला. मी हात बुडवला आणि बुडख्याच्या कडेला, दोराच्या वर, पंजा उठवला. अयुबच्यापेक्षा माझा पंजा लहान उमटतो.

गिताला पोरांच्या हजेरीसाठी वही हवी होती. म्हटलं, ही डायरी घे, पुढं दहा महिने कोरी आहे. मागची पानं फाडून देतो.

"नगं मामा," ती म्हणाली. "तारीखवार हाय. असू द्या."